दहा हजारांत गाडीवरचं संरक्षण : कशावर किती खर्च करायचा

हातात दहा हजार रुपये आहेत, दुचाकी शंभर ते दीडशे सीसीची आहे. रोजचा रस्ता नाशिकच्या गंगापूर रोडवरून सातपूर, नाहीतर पाथर्डी फाट्यावरून अंबड. महिन्यातून एखादा रविवार त्र्यंबक किंवा वणीमार्गे सापुतारा, आणि कधीतरी कसारा घाट उतरून मुंबईकडे. असा वापर धरून हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे गार्ड आणि बूट यांची ही तुलना केली आहे.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवा : हे पैसे एका डोक्यासाठी आहेत की दोन? मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि चार वर्षांवरील मुलालाही. कलम १९४-ड नुसार दंड हजार रुपये आहे आणि तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकतं. पण दंड बाजूला ठेवा. पुढच्याच्या डोक्यावर पाच हजारांचं हेल्मेट आणि मागे बायको ओढणी बांधून, हे चित्र कॉलेज रोडला रोज दिसतं. रोज डबलसीट जात असाल तर पाच हजारांच्या एका हेल्मेटपेक्षा सतराशे-अठराशेची दोन घ्या. यावर आमचं दुमत नाही.

हेल्मेट : हाफ-फेस, फुल-फेस की फ्लिप-अप

आयएसआय असलेलं हाफ-फेस साधारण ८०० ते १,३०० रुपयांना मिळतं. हलकं असतं, एप्रिल-मेच्या उन्हात त्यातल्या त्यात सुसह्य वाटतं. पण हनुवटी आणि जबडा उघडा राहतो, आणि गाडीवरून पुढे फेकला गेलेला माणूस बऱ्याचदा तोंडावरच आपटतो. त्याच कंपनीचं फुल-फेस १,३०० ते २,२०० पर्यंत येतं. म्हणजे जबड्याची किंमत जेमतेम पाचशे ते नऊशे रुपये. काटकसर करायची तर दुसऱ्या कशात करा.

फ्लिप-अप म्हणजे हनुवटीचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट, २,००० ते ३,५०० च्या आसपास. चष्मा असणाऱ्यांना सोयीचं, कारण चष्मा न काढता घालता येतं. मात्र बिजागरीमुळे ते जड होतं, आणि हनुवटी वर उचलून गाडी चालवली तर ते हाफ-फेसच झालं. युरोपीय ईसीई प्रमाणपत्र असलेलं फ्लिप-अप घेत असाल तर पट्ट्यावर शिवलेली कापडी चिठ्ठी वाचा. मंजुरी क्रमांकापुढे इंग्रजी ‘पी’ असेल तर खालचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे. ‘एनपी’ असेल तर तो नुसताच झाकण आहे. ‘पी/जे’ म्हणजे बंद आणि उघडं, दोन्ही स्थितींत मंजूर.

रस्त्याकडेला चारशे-पाचशेला मिळणाऱ्या हेल्मेटवरही ‘आयएसआय’ लिहिलेलं असतं, म्हणून नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. खऱ्या चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं बंद आहे. ‘डॉट’ हा शिक्का अमेरिकेचा, आणि तिथे तो कंपनी स्वतःच स्वतःला देते. स्वस्त हेल्मेटवर त्याला काही अर्थ नाही.

दुसरी परीक्षा अंगठ्याची. आतलं कापड बाजूला करून कवचाच्या आतल्या थरावर अंगठा दाबा. तिथे दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा, अंगठ्याने सहज न दबणारा घट्ट थर्माकोल लागला पाहिजे. मऊ स्पंज दबून थेट प्लास्टिक लागलं तर ती टोपी आहे. आपटल्यावर हा थर्माकोल चिरडतो आणि डोकं थांबायला जरासा जास्त वेळ मिळतो. हेल्मेटचं सगळं काम तेवढंच. चिरडलेला थर्माकोल परत फुगत नाही, म्हणून एकदा डोक्यासकट आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी बाद. न आपटलेलंही साधारण पाच वर्षांनी बदलावं. बनवल्याचा महिना आणि वर्ष आत छापलेलं असतं, दुकानातच पाहा. दोन वर्षं फळीवर पडून असलेला माल ‘डिस्काउंट’ म्हणून गळ्यात मारला जातो.

आता आयएसआयच्या जोडीला ईसीई २२.०६ (युरोपीय कसोटीची नवी आवृत्ती) असलेली हेल्मेटं. साधारण ४,००० ते ६,०००. या कसोटीत वेगवेगळ्या वेगांवर आघात तपासतात आणि तिरका मार लागून डोकं गरकन फिरतं तेव्हा काय होतं तेही मोजतात. महामार्गावर नेहमी एकट्याने जाणाऱ्याने हे पैसे जरूर घालावेत. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने आधी मागच्याचं डोकं झाकावं.

पण मापात न बसणारं ईसीई हेल्मेट मापात बसणाऱ्या आयएसआयपेक्षा वाईट. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवा. बहुतेक कंपन्यांत ५७-५८ सेंटीमीटर म्हणजे मीडियम, ५९-६० म्हणजे लार्ज, तरी प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा पाहा. घातल्यावर गाल दबून तोंड थोडं चंबू व्हायला हवं, कपाळ आणि अस्तर यांच्यात बोट जाता कामा नये. पट्टा लावा, मान खाली घाला आणि कोणालातरी मागची कड वर-पुढे ढकलायला सांगा. हेल्मेट डोळ्यांवरून निघून आलं तर अपघातातही निघेल. मग पंधरा मिनिटं घालून दुकानातच थांबा. काढल्यावर कपाळाच्या मध्यभागी लाल वण दिसला तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. मोठा नंबर घेऊन हे सुटत नाही, दुसरं मॉडेल घ्यावं लागतं. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, पण माप दुकानात घालून पक्कं केल्याशिवाय मागवू नका.

पट्ट्यात खटक्याचं बक्कल आणि डबल-डी कडी (पट्टा ओवायच्या दोन ‘डी’ आकाराच्या कड्या), दोन्ही चांगली. खटक्याच्या बक्कलाची चूक ठरलेली : पट्ट्याची लांबी एकदाही न जुळवता पहिल्याच दातावर अडकवतात आणि हनुवटीखाली मूठ जाईल एवढी ढील राहते. दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको.

काच पारदर्शकच घ्या. काळी काच संध्याकाळी सातनंतर घातक आहे. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की काचेवर बारीक ओरखडे उठतात, आणि रात्री पुणे रोडवर समोरच्या ट्रकचा दिवा त्या ओरखड्यांत फुटून रस्ताच दिसेनासा होतो. आधी पाणी ओता, मग मऊ कापड. पेट्रोल किंवा थिनरने कधीही पुसू नका, काचेचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं. वेगळी काच २५० ते ५०० रुपयांत मिळते, वर्षा-दीड वर्षाने बदला.

जॅकेट : जाळीचं की बंद कापडाचं

नाशिकला दहा महिने जाळीचं बरं. निफाडकडे जानेवारीत पहाटे जायचं असेल तर वरून साधा विंडचीटर चढवता येतो, पण बंद जॅकेटला मे महिन्यात भोकं पाडता येत नाहीत. आणि उकडतं म्हणून खुंटीला राहिलेलं जॅकेट काही उपयोगाचं नाही. आत पावसाचं अस्तर असलेलं जॅकेट दुकानदार आग्रहाने दाखवतात. त्यात अस्तर कोरडं राहतं, पण वरचं कापड इगतपुरीच्या पावसात भिजून जड होतं आणि दोन दिवस वाळत नाही. जाळीच्या जॅकेटवर शिवणींना टेप असलेला रेनकोट जास्त कामाचा.

जॅकेटची खरी किंमत पॅडमध्ये आहे. खांद्याचा किंवा कोपराचा पॅड खिशातून बाहेर काढा. त्यावर ‘ईएन १६२१-१’ हा युरोपीय मानकाचा आकडा कोरलेला हवा, सोबत लेव्हल १ किंवा २. पाठीच्या पॅडवर ‘ईएन १६२१-२’. पाठीच्या पॅडमधून पलीकडे पोचणारं सरासरी बल लेव्हल १ मध्ये १८ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये फक्त ९, म्हणजे निम्मंच. स्वस्त जॅकेटात खांदे-कोपर खरे असतात आणि पाठीला गादीतला फोम भरलेला असतो, हे इतकं सर्रास आहे की पाठ आधी तपासावी. पूर्ण पॅड असलेलं जाळीचं जॅकेट साधारण पाच हजारांपासून सुरू होतं. गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून पाहा, कोपराचा पॅड कोपरावरच राहायला हवा. ढगळ जॅकेटात तो पडताना बाजूला सरकतो.

हातमोजे, गुडघे, पाय

पडताना हात आपोआप पुढे जातो, म्हणून हेल्मेटनंतर लगेच हातमोजे. तळव्याला चामडं किंवा रस्त्यावर घसरत जाईल अशी कडक पट्टी, मनगटाला घट्ट पट्टा, साधारण १,५०० ते २,५००. पट्टा लावून बोटांची टोकं ओढा, मोजा निघाला तर परत ठेवा. लोकरीचे मोजे थंडीपुरते, शिवाय त्यांत लिव्हर निसटतो.

गुडघ्याचे गार्ड १,५०० च्या पुढचे, पॅडवर तोच ईएन आकडा पाहून. गुडघे-कोपर असा चार नगांचा कडक प्लास्टिकचा सेट सहाशे-आठशेला मिळतो. त्यात मार शोषणारं काही नसतं आणि पट्टे पोटरीवर घसरतात.

रायडिंग बूट या बजेटात बसत नाहीत. सातपूर-अंबडला कंपनीत काम करणाऱ्यांकडे घोट्यापर्यंतचे सेफ्टी शूज असतातच, चप्पल-सँडलपेक्षा ते कितीतरी चांगले. अडचण एक : पुढची स्टीलची टोपी जाड असल्याने गिअरच्या दांड्याखाली पाय जात नाही आणि गिअर अर्धवट पडतो. दांड्याचा बोल्ट काढून तो एक दात वर बसवून घ्या, मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम आहे. नाडी आत खोचा.

पैशांची वाटणी

डबलसीट, बहुतेक शहरात : दोन आयएसआय फुल-फेस ३,४००, हातमोजे १,५००, उरलेल्यात पाच हजारांचं जाळीचं जॅकेट. बूट कंपनीचे.

एकटे, महामार्ग आणि घाट जास्त : ईसीई हेल्मेट ४,५००, हातमोजे २,०००, गुडघ्याचे गार्ड २,०००, रेनकोट १,५००. जॅकेट पुढच्या बोनसला. दीड-दोन हजारांत मिळेल ते जॅकेट उरकून घेऊ नका. त्यात फोमच असतो, आणि एकदा घेतलं की चांगलं घेणं वर्षानुवर्षं लांबतं.

जुनं घ्यायचंच असेल तर जॅकेट आणि गुडघ्याचे गार्ड चालतील. शिवणी ताणून पाहा, पॅड नवे टाका. हेल्मेट मात्र ओळखीच्याकडूनही जुनं घेऊ नका. ते कधी आपटलं होतं की नाही, हे वरून पाहून कोणालाच सांगता येत नाही.