१० ग्रॅमचं मोनोफिलामेंट: फॅमिली डॉक्टरच्या टेबलावरून

मधुमेहाच्या पेशंटच्या पायांना स्पर्श कळतो का हे तपासायला मी जे मोनोफिलामेंट, म्हणजे मुठीला लावलेला दोरा, वापरते, त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांनी असली वस्तू घेताना कुणाला विचारायचं? विकणाऱ्याला सगळंच उत्तम वाटतं, आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या मंडळींकडे महागडी यंत्रं असतात, त्यामुळे या दोऱ्याकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं.

वस्तू म्हणाल तर अगदी साधी. पेनाएवढी मूठ आणि तिच्या टोकाला नायलॉनचा दोरा. तो त्वचेवर काटकोनात टेकवून दाबला की ठरावीक जोराला वाकतो. एकदा वाकला की तुम्ही आणखी दाबलं तरी पायावरचा जोर जवळपास तेवढाच राहतो, १० ग्रॅम. यातली खरी हुशारी हीच आहे. माझा हात जड असो, नर्सचा हलका असो, पेशंटला लागणारा जोर एकच. डब्यावर ५.०७ असाही आकडा छापलेला असतो, त्याने गोंधळू नका. तो याच दोऱ्याचा नंबर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माक्स फॉन फ्राय हे ऑस्ट्रियन-जर्मन शास्त्रज्ञ घोड्याचे केस वापरून हाच प्रयोग करत. नायलॉन पुढे आलं, कल्पना तीच राहिली.

माझ्या मॉडेलमध्ये दोरा मुठीच्या आत सरकतो. हे मला फार सोयीचं वाटतं, कारण उघड्या दोऱ्याची मॉडेल्स ड्रॉवरमध्ये बीपीच्या पट्ट्याखाली चेंगरतात, आणि एकदा मुरड पडलेला दोरा १० ग्रॅमच्या आधीच मान टाकतो. मग तपासणीचा अर्थच बदलतो.

आता तक्रार. सोबतच्या पत्रकात पावलाचं रंगीत चित्र आहे, ठिपके आहेत, पण दोरा थकतो हे कुठेही लिहिलेलं नाही. सलग १०-१५ पेशंट तपासले की त्याला २४ तास विश्रांती द्यावी, आणि ७० ते ९० पेशंटनंतर तो बदलावा, असं डायबेटिक फूटवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं सांगणं आहे. म्हणजे गर्दीच्या दवाखान्यात एक दोरा पुरत नाही, दोन तरी हवेत आणि आलटून पालटून वापरायला हवेत. ज्या वस्तूचा सगळा भरवसा एका आकड्यावर आहे, तिच्या पत्रकात तो आकडा कधी ढळतो हे नसावं? पाचपैकी एक तारा मी इथेच कापला.

वापरायची रीत सोपी असली तरी घाईत बिघडते. आधी पेशंटच्या हातावर टेकवून दाखवायचं, म्हणजे नेमकं काय जाणवायला हवं ते त्याला कळतं. मग डोळे मिटायला सांगायचे. अंगठ्याचा खालचा भाग, आणि चवड्यावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाच्या मुळाशी, अशा चार जागा प्रत्येक पायाला पुरतात. दोरा टेकवायचा, वाकवायचा, एक-दोन सेकंदांत उचलायचा. घट्ट्यावर किंवा जखमेवर टेकवायचा नाही. आणि ‘लागतंय का?’ असं दर वेळी दोरा लावूनच विचारायचं नाही. आपले पेशंट भिडस्त. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून सगळ्याला ‘हो, हो’ म्हणतात. मी मध्येच दोरा न लावताच विचारते. तेव्हाही ‘हो’ आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढं केल्यावर जे उत्तर मिळतं ते मोलाचं असतं. नसा खराब झालेल्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांना काहीही त्रास जाणवत नाही. एक आजी फक्त बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या होत्या. पायांची तक्रार विचारली तर ‘पाय अगदी छान आहेत’ म्हणाल्या. दोरा एकाही जागी कळला नाही, आणि टाचेला चपलेने घासून फोड आलेला, त्याचा पत्ताच नव्हता. टाइप २ मध्ये निदान झाल्यापासून आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दर वर्षी पाय तपासा असं सांगतात ते अशा लोकांसाठी.

पण ही वस्तू घेणाऱ्या सगळ्यांनी पुढचं नीट वाचावं. दोरा दुखणं मोजत नाही. तो जाड नसांचं काम तपासतो आणि पुढे जखम होण्याचा धोका कुणाला आहे ते सांगतो. आग, टोचणी, गरम-गार या संवेदना बारीक नसा वाहून नेतात, आणि बऱ्याचदा आधी त्याच बिघडतात. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक काका रात्री तळपायांची आग होते म्हणून हैराण होते. चादरीचा स्पर्श नको, मध्येच करंट मारल्यासारखं होतं, दिवसा चालताना उलट बरं. दुसरीकडे कुठेतरी त्यांना दोरा लावून पाहिला होता, सगळ्या जागा बरोबर आल्या, आणि ‘नसा ठणठणीत आहेत, विचार कमी करा’ असं सांगून घरी पाठवलं होतं. मी दोरा लावला तेव्हाही सगळं बरोबरच आलं. मग एकदाच वापरायची पिन घेतली: दोन्ही घोट्यांपर्यंत टोच म्हणून कळेना. ट्यूनिंग फोर्कचा, म्हणजे कंपन तपासायच्या दुशाखी काट्याचा, थंडगार धातू पायाला लावला, तर ‘काहीतरी लागलं’ एवढंच म्हणाले. दोऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला भलताच प्रश्न विचारला गेला होता.

म्हणून दोऱ्याच्या आधी पेशंटचं बोलणं. यासाठी डीएन४ नावाची प्रश्नावली फार कामाची आहे आणि तिला काहीही विकत घ्यावं लागत नाही. आग, बोचरा गारवा, करंट, मुंग्या, सुया टोचणं, बधिरपणा, खाज हे सात प्रश्न, आणि स्पर्श, टोच, ब्रश फिरवणं या तीन तपासण्या. दहापैकी चार गुण आले की दुखणं नसांचं असण्याची शक्यता बरीच. पत्रकातल्या त्या रंगीत पावलाच्या जागी ही प्रश्नावली छापली असती तर मी पाचवा ताराही दिला असता.

आणखी एक. मधुमेह आहे आणि पाय दुखतात, म्हणजे कारण मधुमेहच असं नसतं. बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ जीवनसत्त्व बघा, थायरॉइड, किडनी आणि दारूबद्दल विचारा. चालल्यावर पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर बरं वाटतं, तर आधी पायाची नाडी, म्हणजे रक्तपुरवठा, बघा. एकाच पायात, हातांपासून सुरू झालेलं, भराभर वाढणारं किंवा ताकद कमी करणारं दुखणं असेल तर वेळ न घालवता न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. आणि खूप वाढलेली साखर औषधांनी झपाट्याने खाली आणल्यावरही पाय पेटू शकतात. रिपोर्ट झकास आणि पेशंट रडकुंडीला, अशी विचित्र अवस्था.

औषधांचं थोडक्यात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारख्या सुजेवरच्या गोळ्या या दुखण्याला फारशा लागू पडत नाहीत, शिवाय सुजेवरच्या गोळ्या किडनीलाही महागात पडतात. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या तीन औषधांची तुलना करणारी ऑप्शन-डीएम ही ब्रिटिश चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही साधारण सारखीच ठरली, आणि एकाने पुरेसं भागलं नाही तर दुसरं जोडल्याने फायदा झाला. म्हणजे निवड पेशंट बघून करायची. लघवी अडते, काचबिंदू आहे किंवा हृदयाची लय बिघडलेली आहे, तर अमिट्रिप्टिलिन नको. नाहीतर रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात. ड्युलोक्सेटिनने पहिले काही दिवस मळमळतं, लिव्हरचा आजार असेल तर टाळायचं. प्रीगॅबालिनने झोप येते, पाय सुजतात, वजन वाढतं, आणि किडनी बघून डोस कमी करावा लागतो. काकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुखणं निम्म्यावर आलं तरी आपण जिंकलो. निम्म्यापेक्षा थोडं जास्तच कमी झालं; झोप लागते.

या गोळ्या दुखणं शांत करतात, गेलेली संवेदना परत आणत नाहीत. त्यामुळे आग थांबली म्हणून दर वर्षीची दोऱ्याची तपासणी थांबवायची नाही. उलट, दुखेनासं झालेला पाय जास्त नीट बघावा लागतो.

दोरा हाताशी नसेल तर इप्सविच टच टेस्ट करा. दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला आपल्या तर्जनीने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे असं समजायचं. घरच्यांनाही शिकवता येते. सोबत १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घेऊन ठेवा. तो अंगठ्याच्या हाडावर लावून कंपन बघता येतं, गारवाही तपासता येतो, आणि त्याला विश्रांतीही लागत नाही.

माझे गुण पाचपैकी चार. मागवताना पायासाठीचं १० ग्रॅमचं आहे ना, हे नीट विचारून घ्या. हाताच्या तपासणीचे वेगवेगळ्या जाडीचे दोरे संचात मिळतात, ते यासाठी नकोत. आणि दोन घ्या, मुठींवर अ आणि ब लिहा, पहिल्या वापराची तारीखही तिथेच टाका.