'सिव्हिल वॉर' की 'जेएलए/अव्हेंजर्स': पात्रांशी प्रामाणिक कोण?

जळगावात शेवभाजी खाताना आमचा वाद हमखास रंगतो: पात्रांचा स्वभाव कुठे टिकलाय, मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर' कॉमिकमध्ये (२००६-०७) की डीसीची जस्टिस लीग (जेएलए) आणि मार्व्हलचे अव्हेंजर्स यांना समोरासमोर आणणाऱ्या 'जेएलए/अव्हेंजर्स' कॉमिकमध्ये (२००३-०४)? माझं मत दुसऱ्याला. त्यात लेखक कर्ट ब्युसिकचा सुपरमॅन (डीसीचा नायक) मार्व्हलच्या जगाची दुरवस्था पाहून चिडतो, तर मार्व्हलच्या कॅप्टन अमेरिकाला (कॅप) डीसीच्या नायकांची पूजा खटकते. भांडण स्वभावातूनच पेटतं. बॅटमॅन आणि कॅप तर थोडं लढून, एकमेकांना जोखून थांबतात. किती खरं वाटतं ते!

'सिव्हिल वॉर'मध्ये टोनी (आयर्न मॅन) आणि रीड ('फँटास्टिक फोर'चा शास्त्रज्ञ नायक) थॉरचा क्लोन इतर नायकांविरुद्ध रणात उतरवतात, तो गोलायथ या नायकाला ठार मारतो, तरी दोघं मागे हटत नाहीत. धुळ्याचा मित्र म्हणतो, "भाऊ, टोनी आधीपासूनच हट्टी. 'आर्मर वॉर्स' ही त्याच्या हट्टाची जुनी कथा आठव ना." टोनीपुरतं पटतं. रीडचं अजिबात नाही.