गोमेझ की इनोउए? ५५ किलोच्या आतला ठोसा

बेळगावच्या तालमीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ताकद वजनातच असते असे वाटत आले आहे. पण मुष्टियुद्धातील सुमारे ५५.३ किलोच्या सुपर बँटमवेट गटातील दोन विजेते हा समज पार मोडतात.

पोर्तो रिकोच्या विल्फ्रेडो गोमेझने १९७७ ते १९८३ या काळात विजेतेपद १७ वेळा राखले आणि प्रत्येक वेळी नॉकआउटनेच राखले. १९७८ मध्ये ५२ लढतींत अपराजित असलेला, त्यांपैकी ५१ नॉकआउटने जिंकलेला कार्लोस झाराते त्याच्यासमोर पाचव्या फेरीपलीकडे टिकला नाही. मात्र १९८१ मध्ये वरच्या गटात गेल्यावर साल्वादोर सांचेझने त्याला आठव्या फेरीत थांबवले.

जपानच्या नाओया इनोउएचे वेगळेपण नेमके येथेच दिसते. सुमारे ४९ किलोच्या गटात पहिले जागतिक विजेतेपद मिळवून तो चार गटांचा विजेता झाला, तरी हाताचे वजन उतरले नाही. २०१८ मध्ये माजी जागतिक विजेत्या हुआन कार्लोस पायानोला त्याने अवघ्या ७० सेकंदांत आडवे केले: डाव्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, नजर झाकली आणि त्यामागून सरळ उजवा आला. त्याचा यकृतावरचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, तर पाहताना आपलीच बरगडी आखडते, कारण मार खाणारा क्षणभर उभा राहतो आणि मग गुडघे टेकतो.

एकाच गटातील दरारा मोजायचा तर गोमेझ, हे मी मान्य करतो. परंतु गट बदलत गेल्यावरही टिकणाऱ्या ठोशाला मी अधिक मानतो, म्हणून माझे मत इनोउएला आहे.