मनगटाचा चुंबकीय पट्टा आणि माझे चार हजार नऊशे रुपये

फोंड्यात गेली सव्वीस वर्षे मी शिवणवर्ग चालवते. कात्री धरण्यात आणि कापड ओढण्यात उभा जन्म गेल्यामुळे हात दुखणे मला नवे नव्हते. परंतु गेल्या वर्षी चवथीपूर्वी, ब्लाउजांच्या ऑर्डरी अंगावर असताना, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला जी कळ सुरू झाली, ती रात्री झोपूही देईना. नेवऱ्यांची कड दुमडणेही जड जाऊ लागले. अशा अवस्थेत असताना, जवळच्या एका सभागृहात ‘सांधेदुखी व नसांची मोफत तपासणी’ असे शिबिर दोन दिवस असल्याचे पत्रक दारात आले आणि मी गेले.

तेथे पांढरा कोट घातलेल्या तरुणाने माझ्या मुठीत धातूची एक कांडी दिली. ती वायरने लॅपटॉपला जोडलेली होती. मिनिटभरात पडद्यावर लाल-पिवळ्या पट्ट्या उमटल्या आणि तो म्हणाला, “मावशी, मनगटातली नस दबली आहे. सहा महिन्यांत बोटे वाकडी होतील.” त्याने माझ्या अंगठ्याला हातही लावला नाही, नेमके कुठे दुखते हेही विचारले नाही. माझ्यापुढे रांगेत असलेल्या गुडघेदुखीच्या आजोबांना आणि मानदुखीच्या बाईंनाही त्याने ‘नस दबली आहे’ असेच सांगितले होते, हे मला घरी आल्यावर आठवले.

उपाय म्हणून त्याने चुंबक बसवलेल्या ब्रेसची, म्हणजे मनगटाला आधार देणाऱ्या पट्ट्यांची, जोडी पुढे केली. खोक्यावर किंमत सहा हजार आठशे, शिबिरापुरती चार हजार नऊशे. दुखत होता एकच हात, तरी ‘रक्ताभिसरण समतोल राहण्यासाठी’ दोन्ही हातांना पट्टा हवा, असे त्याचे म्हणणे. तीन हजार मी मोबाइलवरून पाठवले, उरलेले रोख दिले. बिल मागितल्यावर मिळालेल्या चिठ्ठीवर ‘सेवाशुल्क’ एवढाच शब्द आणि रक्कम होती. दुकानाचे नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही.

या फसवणुकीतील सर्वांत घातक भाग पैशांचा नव्हे, तर पट्टा देताना त्याने केलेल्या दोन सूचनांचा होता. पहिली सूचना अशी की, पट्टा चोवीस तास घट्ट आवळलेला ठेवायचा. दुसरी अशी की, पहिले दहा दिवस दुखणे वाढेल, पण ती गुण येत असल्याची खूण समजायची. ‘समाधान न झाल्यास सात दिवसांत पैसे परत’ असेही तो म्हणाला होता. म्हणजे दुखणे वाढल्याची तक्रार करावी असे ज्या दिवसांत वाटले असते, ते सगळे दिवस त्याने आधीच आपल्या बाजूने वळवून घेतले होते. मी निष्ठेने दहा दिवस थांबले. अकराव्या दिवशी बोटांना मुंग्या येत होत्या, पट्ट्याखालची कातडी लाल झाली होती आणि कात्री हातातून सुटून पडली. चिठ्ठीमागचा फोन बंद होता. सभागृहाच्या समितीकडे भाडे भरल्याच्या पावतीपलीकडे काही नव्हते.

सून मला सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात घेऊन गेली. तेथील डॉक्टरांनी अंगठा तळहातात घेऊन मूठ मिटायला सांगितली आणि मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवले. माझ्या तोंडून किंकाळी बाहेर पडली. अंगठा उचलणाऱ्या दोन स्नायुबंधांचे आवरण जाड होऊन त्यांना आत अडचण होते, असा हा विकार असून स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केल्यामुळे तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लहान मूल वारंवार उचलणाऱ्या आयांनाही तो होतो, असे डॉक्टरांनी सांगितले. मनगटातली नस दबणे, म्हणजे कार्पल टनेल, हा वेगळा आजार आहे: त्यात अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, त्रास बहुधा रात्री वाढतो, आणि मनगट वर-खाली न वाकता सरळ राहील असा ब्रेस मुख्यतः झोपताना वापरतात. माझ्या आजारात अंगठाच स्थिर राहायला हवा होता. विकत घेतलेल्या पट्ट्यात अंगठा पूर्ण मोकळा होता. म्हणून मी तो पट्टा घालून रोज कापड कापत राहिले, तेव्हा दुखावलेल्या जागेला विश्रांती मिळालीच नाही, आणि आवळल्यामुळे रक्त व नसा तेवढ्या दाबल्या गेल्या.

घरी येऊन मी एक पट्टा उसवला. शिवण पाहणे हे माझे कामच आहे, म्हणून ठामपणे लिहिते: वरचे कापड, आतला पातळ फोम, वेल्क्रोची पट्टी आणि पर्सच्या बटणासारखे चार चुंबक, एवढाच ऐवज. मनगटाला खरा आधार देणारी धातूची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी कोठेच नव्हती. खोक्यावर निर्मात्याचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष यांपैकी काही छापलेले नव्हते आणि किंमत चिकटवलेल्या कागदावर होती. बंद खोक्यातल्या मालावर हा तपशील असणे कायद्याने बंधनकारक आहे. चुंबकाविषयी म्हणावे तर, ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चुंबकीय पट्टे व तांब्याची कडी यांचा दिसायला तशाच, पण परिणाम नसलेल्या नकली पट्ट्यांपेक्षा अधिक उपयोग आढळला नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेला, अंगठ्याला आधार असलेला ब्रेस मला औषधाच्या दुकानात साडेचारशे रुपयांना छापील बिलासह मिळाला. तो किती आठवडे घालायचा, दिवसातून किती वेळा काढून बोटे हलवायची, हे त्यांनी नीट सांगितले, कारण ब्रेस अखंड घातल्यास सांधा आखडतो व स्नायू दुबळे होतात. आराम पडण्यास दोन महिने लागले. इंजेक्शनची वेळ आली नाही. कापण्याचे काम या काळात मी विद्यार्थिनींवर सोपवले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा समजले. परंतु विक्रेत्याचा पत्ताच नसल्याने तक्रार पुढे सरकली नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून उरली ती केवळ मोबाइलवरील तीन हजारांची नोंद. रोख दिलेल्या रकमेचा तेवढाही माग राहिला नाही. सगळे पैसे मोबाइलवरूनच दिले असते आणि पहिल्याच आठवड्यात बँकेला कळवले असते, तर कदाचित काही साधले असते.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात असेच शिबिर लागल्याचे माझ्या वर्गातील एका मुलीने सांगितले. तिची आई सकाळीच तेथे गेली होती. मी उसवलेला पट्टा पिशवीत घातला आणि मुलीला घेऊन निघाले. आई रांगेत तिसरी होती. तिने पट्ट्याच्या आतला फोम बोटांनी चाचपून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि पाकीट परत कमरेला खोचले.