कोकणात करवत घेताना: छोट्या कारागिराची, जपानी, की बाजारातली?

कुडाळ-सावंतवाडीकडे सुतारकाम शिकणारी मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या कारागिराची पंधरा-वीस हजारांची करवत घ्यावी, दोन-तीन हजारांची जपानी घ्यावी, की हार्डवेअरच्या दुकानातली पाच-सातशेची? माझं मत आधीच सांगतो. स्वतः कानस धरायची तयारी असेल, तर छोट्या कारागिराची एकच करवत घ्या, तीही पितळी किंवा लोखंडी पाठीची, म्हणजे पातं ताठ राहावं म्हणून वरच्या कडेला धातूची जाड पट्टी बसवलेली. तयारी नसेल, तर ते पैसे चांगल्या सागात घाला.

या तिघींतला सगळ्यात मोठा फरक दात्यांच्या पोलादात आहे. दुकानातल्या बऱ्याच करवतींचे आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक जपानी करवतींचे दाते विजेने क्षणभर तापवून कडक केलेले असतात. दात्यांच्या टोकांशी काळसर-निळी पट्टी दिसते, ती त्याचीच खूण. अशी धार पुष्कळ टिकते, पण एकदा गेली की संपली, कारण त्या दात्यांवरून कानस नुसती घसरते. छोटे कारागीर वापरतात ते स्प्रिंग स्टील, कडकपणा रॉकवेल मापात 50 च्या आसपास. त्याला कानस लागते, त्यामुळे धार पुन्हा पुन्हा काढता येते.

आपल्या लाकडांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सागात सिलिका असते, ती दाते लवकर मारते. माडाचा वासा तर त्याहून वाईट. त्याचा बाहेरचा भाग इतका कडक की चांगली करवत त्याला लावूच नये. माड, ओला फणस, आंब्याचे ओंडके या कामांना दुकानातलीच करवत हवी. फणसाचा चीक पात्याला धरला की रॉकेलच्या फडक्याने पुसायचा आणि पुढे चालू लागायचं. बोथट झाली की नवी आणायची. इथे महाग हत्याराला काही काम नाही.

जपानी करवत ओढताना कापते. आपल्याकडे जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून काम करायची जुनी सवय आहे, तिला ही ओढ छान जुळते. पातं ओढताना ताणलं जातं, म्हणून ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ ठेवता येतं. काप अरुंद पडतो आणि जोर कमी लागतो. र्‍योबा प्रकारात एका बाजूला उभ्या चिरेचे (लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापणारे) आणि दुसऱ्या बाजूला आडव्या कापाचे (रेषांना आडवे कापणारे) दाते असतात. नवशिक्याला पहिल्याच दिवशी सरळ काप मिळतो, हा तिचा मोठा गुण मी मनापासून मानतो. पण हे दाते लांब आणि ठिसूळ. मऊ लाकडात ते सुंदर चालतात, शिसवाच्या किंवा खैराच्या गाठीत टोकं मोडतात. मग पातं बदलायचं, म्हणजे पुन्हा ऑनलाइन मागवायचं आणि वाट बघायची.

आता छोट्या कारागिरांकडे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जुने मोठे करवत-कारखाने खालावत गेले. 1840 साली फिलाडेल्फियात सुरू झालेली डिस्टनसुद्धा 1955 मध्ये विकली गेली. चांगली पाठीची करवत नवी मिळणं अवघड झालं. 1990 च्या दशकात इंडिपेन्डन्स टूल या दोघांच्या छोट्या उद्योगाने जुन्या घडणीची डव्हटेल करवत, म्हणजे खणांच्या कोपऱ्यांचे पंखाकार सांधे कापायची बारीक दात्यांची करवत, पुन्हा बाजारात आणली. 1998 मध्ये तो उद्योग अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लाय-नीलसन या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीने घेतला. त्या सुमारानंतर एकटा-दुकटा कारागीर असलेल्या अनेक कार्यशाळा उभ्या राहिल्या. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये थॉमस फ्लिनसारखं घराणं आजही करवती बनवतं.

अशा कारागिराकडून तुम्ही विकत घेता ती निवड. काही जण तळहाताची रुंदी विचारून मूठ देतात. इंचाला किती दाते, धार उभ्या चिरेची की आडव्या कापाची, दाते बाजूंना किती वाकवायचे, हेही विचारतात. दमट लाकूड कापणार असाल तर दाते थोडे जास्त वाकवून मागा, नाहीतर पातं अडकेल. किंमत 150 ते 300 डॉलरच्या घरात, वर कुरियर आणि कस्टम ड्युटी. ती आधी हिशेबात धरा, पार्सल मुंबईत अडकल्यावर नको.

पहिली म्हणून 12 इंच लांबीची, इंचाला 12 दात्यांची, उभ्या चिरेची घ्या. खिडकीच्या चौकटीचं कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारं टोक), खुर्चीचे सांधे, खण, सगळं तिच्यावर होतं. डव्हटेलची 15-16 दात्यांची करवत देखणी असते, पण इतके बारीक दाते कानसायला शिकणं जड जातं आणि तेवढी बारीक तिकोनी कानस आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाही. करवतीबरोबरच दोन-तीन कानशी मागवून ठेवा.

धार काढणं असं. पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून शेगड्यात आवळा, दाते पट्ट्यांच्या जरा वर. आधी सपाट कानस दात्यांच्या टोकांवरून एकदा हलकेच फिरवा. खिडकीच्या उजेडात बघितलं की प्रत्येक टोकावर चकाकता ठिपका दिसेल, कुठे मोठा, कुठे जेमतेम. मग तिकोनी कानस खाचेत बसवून काटकोनात एकाच दिशेने ढकला. ठिपका नाहीसा झाला की थांबा. मोठा ठिपका असेल तिथे एखादी ढकल जास्त. दाते बाजूंना वाकवणं दर वेळी करावं लागत नाही. पहिल्या वेळी तासभर जाईल, पुढे पंधरा-वीस मिनिटं.

पावसाळा मात्र तिन्ही करवतींना सारखाच छळतो. जून ते सप्टेंबर खारी हवा आणि ओल, उघडं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. दुकानातली गंजली तर चालून जातं. कारागिराने घडवलेल्या करवतीवर गंजाचे खड्डे दात्यांच्या रांगेत पडले तर धार कधीच नीट येत नाही. काम संपलं की शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं, वर मेण, आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची. जवसाचं तेल पात्याला लावू नका, ते वाळून चिकटतं. मूठ पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तिचे पितळी नट ढिले होतात. त्यांना मधे फट असलेला स्क्रूड्रायव्हर लागतो. जुन्या चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला मधोमध खाच कानसली की तो घरीच होतो.

पैसे कमी आणि हौस जास्त असेल, तर आणखी एक वाट आहे. काही कारागीर पातं, पाठ आणि नट एवढाच संच विकतात. मूठ आपण करायची. त्यात फणस किंवा शिसव वापरा, पण लाकूड दोन उन्हाळे मुरलेलं असू द्या, आणि पात्याची खाच कापण्याआधी मूठ हातात धरून कोपर, मनगट आणि पातं एका सरळ रेघेत येतात का ते बघा.