हॉलंडचे कंद, आपली काळी माती आणि माझे २८,१२९ रुपये

अठ्ठावीस हजार एकशे एकोणतीस. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना लाज जरा कमी वाटेल. मागवले होते दुर्मीळ डॅफोडिलचे कंद आणि बिया, आणि एवढ्या पैशात मला काय मिळालं तर सोळा रेन लिलीचे (पाऊस पडला की फुलते ती) कंद आणि साठ कांद्याच्या बिया. हो, कांद्याच्याच. आणि हे झालं कुणाबरोबर, तर जिचं सासर चाकणजवळ, जिचे सासरे आयुष्यभर कांदा लावत आले, आणि जी स्वतः कोथरूडमध्ये बसून लोकांची जीएसटी रिटर्न भरते. हसून घ्या.

स्कीम काही नवीन नाहीये, आधी छोटी ऑर्डर खरी पाठवायची, विश्वास बसला की मोठा हात मारायचा. मलाही माहिती होती. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये स्वतःला हिमाचलचा ग्रोअर म्हणवणाऱ्या या विक्रेत्याकडून टेट-आ-टेट या बुटक्या डॅफोडिलचे पाच कंद घेतले, कुरिअर धरून १,१५० रुपये. ते अगदी खरे निघाले. थंडी मिळावी म्हणून चौदा आठवडे फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले (तेवढे दिवस सफरचंदं बाहेर, त्यातून निघणाऱ्या गॅसने कंदातली कळी आतल्या आत मरते), सासूबाईंनी एका सकाळी पोह्यांसाठी त्यातलाच एक सोलायला घेतला होता तो मी अक्षरशः हातातून ओढून घेतला, कारण डॅफोडिलचा कंद विषारी असतो, आणि जानेवारीच्या शेवटी बाल्कनीत वीतभर उंचीची पिवळीधमक फुलं. एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन बघून आले तरी मला माझीच कुंडी भारी वाटत होती. आता अशा माणसावर विश्वास ठेवला तर माझं काय चुकलं?

मग वेड लागलं. टेट-आ-टेट हे कॉर्नवॉलच्या अॅलेक ग्रे यांनी काढलेलं, १९४९ मध्ये नोंदलेलं वाण, ते सगळ्या जगात मिळतं. मला हव्या होत्या मूळ जंगली जाती, ज्यांच्यापासून असली छोटी वाणं निघाली. बल्बोकोडियम, ज्याचं फूल म्हणजे घेरदार परकर. सायक्लेमिनियस, ज्याच्या पाकळ्या वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तशा मागे गेलेल्या. स्पेन-पोर्तुगालच्या डोंगरात दगडांच्या फटीत येणारं रुपिकोला आणि मोरोक्कोच्या अॅटलस पर्वतातलं पांढरंशुभ्र वाटिएरी. डोक्यात खूळ असं की पेपरव्हाइट या पांढऱ्या डॅफोडिलला थंडी लागत नाही, तो फ्रीजशिवाय पुण्यात फुलतो, तर त्याचा छोट्या जातीबरोबर संकर करून पुण्याच्या गॅलरीत आपला आपण फुलणारा छोटा डॅफोडिल काढायचा. ब्रशने पराग लावायचा, बी धरायचं, पेरायचं, आणि फूल बघायला तीन ते पाच वर्षं थांबायचं. हे सगळं मी त्याला चॅटवर भडाभडा सांगितलं. इथेच पहिली चूक, आपल्याला नक्की काय हवंय ते विकणाऱ्याला आधी सांगायचं नसतं. दोन दिवसांनी त्याच्याकडे नेमकं तेच सगळं 'लिमिटेड स्टॉक'मध्ये आलं. "मॅम, तुमच्यासारखे सिरियस ग्रोअर कमी भेटतात." या वाक्यावर मी विरघळले, खोटं का बोलू.

हिशेब असा. चार जाती, प्रत्येकी चार कंद, कंदाला ९०० प्रमाणे १४,४००. संकरित बियांची दोन पाकिटं, तीस-तीस बिया, २,५०० ला एक, म्हणजे ५,०००. कुरिअर ४८०. हे गेलं गेल्या सप्टेंबरात. ऑक्टोबरमध्ये फोन आला की माल हॉलंडहून आलाय पण कस्टममध्ये अडकलाय, फायटो सर्टिफिकेट (माल रोग-किडींपासून मुक्त असल्याचा दाखला) आणि क्लिअरन्सचे ६,२५० भरा नाहीतर कंद जाळून टाकतील. जाळून टाकतील! मी चहा गॅसवर तसाच ठेवून यूपीआय केलं. ज्या नावावर पैसे गेले ते त्याच्या नर्सरीचं नाव नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं, विचारलं तर म्हणे ताईचं अकाउंट आहे. फायटो सर्टिफिकेट माल पाठवणाऱ्या देशाचं सरकार देतं, त्यावर नंबर असतो आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव असतं. मला जी पीडीएफ आली तिच्यावर नुसतं 'फ्लॉवर बल्ब्स'. कुणी फायटोचे पैसे वेगळे मागितले तर आधी नंबरवाली कॉपी मागा, मग बघा कसा गायब होतो ते.

आता तो क्षण, ज्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पार्सल आलं शनिवारी दुपारी. मी ओट्यावर पेपर पसरून उघडलं, वर लाकडाचा भुसा, त्यात कागदाच्या पुड्या, पुड्यांवर स्केचपेनने लिहिलेली नावं. कंद छान टणक होते, बोराएवढे, वर काळपट साल. आणि मुळांमध्ये माती अडकलेली होती. काळी माती. वाळून टणक झालेली, बोटाने दाबली तर ढेकूळ मधे फुटतं आणि आत मेणासारखी चकाकी दिसते ना, तीच. मी ते कंद सिंकमध्ये नळाखाली धरले आणि पाणी काळं होऊन जाताना बघत उभी राहिले. बघत उभी राहिले! आपल्या देशात बाहेरून कंद आणायचे तर मातीचा कण चालत नाही, २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरमध्ये ते सरळ लिहिलंय आणि मी ते वाचलेलं होतं, कारण एकदा मीच स्वतः मागवायचा विचार करत होते आणि परमिटची भानगड बघून सोडून दिला होता. हॉलंडच्या कंदाला दख्खनची काळी माती कशी लागेल? माझ्या मनात हा प्रश्न आला होता. आला होता, हेच तर दुःख आहे. मी स्वतःच उत्तर दिलं की इथे आल्यावर काही दिवस मातीत ठेवले असतील बिचाऱ्याने, सुकू नयेत म्हणून. बिचाऱ्याने!

पुडीत बिल पण होतं. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. २७ म्हणजे महाराष्ट्र. हा माणूस पहिल्या दिवसापासून मी हिमाचलचा ग्रोअर म्हणून सांगत होता आणि हिमाचलचा कोड ०२ असतो. मी रोज असे दीडशे नंबर बघते हो. ते बिल मी फाइलला लावून टाकलं.

बियांचं तर विचारूच नका. एका पाकिटावर लिहिलेलं 'पेपरव्हाइट गुणिले जोनक्विला, दुसरी पिढी', जोनक्विला ही डॅफोडिलचीच आणखी एक जात. पेपरव्हाइटची गुणसूत्रं २२, जोनक्विलाची १४. अर्धी अर्धी आली की अकरा आणि सात, जोड्या लागत नाहीत, असा संकर फुलला तरी सहसा बी धरत नाही. मग दुसरी पिढी येणार कुठून? हे मी आज सांगतेय. तेव्हा मी ट्रे भरून पेरलं आणि आठव्या दिवशी उगवलं म्हणून घरभर नाचले. डॅफोडिलचं बी आठ दिवसांत कधीच उगवत नाही, त्याला महिने लागतात, थंडी पडावी लागते, आणि येतं ते गवतासारखं एक सरळ पान. माझ्याकडे जे आलं ते वाकलेल्या गुडघ्यासारखं, टोक अजून मातीत आणि टोकाला बी चिकटलेलं. बी पण नीट बघितलं नाही. डॅफोडिलचं काळं, गोल, चकचकीत असतं. हे काळंच पण कोनाकोनाचं, सुरकुतलेलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला अप्पा, म्हणजे सासरे, गावाहून आले. सकाळी गॅलरीत दात घासत उभे होते. म्हणाले, "रोप चांगलं आलंय गं, लावणीला झालंय की. पण कुंडीत किती कांदं घेणार?" मी म्हटलं अप्पा ते डॅफोडिल आहे, संकरित आहे, दुर्मीळ आहे. त्यांनी काही न बोलता एक पात खुडली, चुरगाळली आणि माझ्या नाकाशी धरली.

वास सांगायची गरज आहे का?

किंमत विचारली त्यांनी. मी आधी पाचशे सांगितली. रात्री झोप येईना म्हणून उठून हिशेब केला, साठ बिया पाव ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, म्हणजे मी कांद्याचं बी वीस हजार रुपये ग्रॅमने घेतलं, किलोला दोन कोटी. चाकणला हे कळलं तर गावजेवण घालावं लागेल.

त्याला फोन केला. तो इतका गोड बोलला की मलाच वाईट वाटलं. सप्लायरकडून पाकिटं बदलली गेली, बियांचे पूर्ण पैसे परत करतो, फक्त रिफंड प्रोसेसिंगचे १,९९९ भरा, तेही परत मिळतील. आणि मी भरले. हो भरले, याचं काहीही समर्थन नाही, फक्त एवढंच की पाच हजार परत येणार म्हटल्यावर माणूस दोन हजारांचा विचार करत नाही, आणि नवऱ्याला कळायच्या आत मला ते आणायचे होते. रिफंडसाठी जो पैसे मागतो तो चोर, बस, यात दुसरा विचार नाही. त्यानंतर मी ब्लॉक.

तरी कंदांवरची आशा सुटेना. बी बदललं असेल, कंद तर बरोबर असतील. चारही कुंड्यांत पान एकसारखं, बारीक हिरवं, आणि वाटिएरीचं पान करडट निळसर हवं हे माहिती असून मी 'आपल्याकडच्या उन्हाने' असं स्वतःला समजावत राहिले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, फूल नाही. एप्रिलपासून पाणी बंद केलं, कारण या जाती उन्हाळ्यात झोपतात, कोरड्याच ठेवायच्या, आपल्या पावसात कंद कुजतात. मे महिन्यात वळीव आला तेव्हा मी क्लायंटकडे होते, कुंड्या कठड्यावर भिजल्या. मी आल्या आल्या हळहळत आत घेतल्या. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर सोळापैकी अकरा कंदांना गुलाबी फुलं, सहा पाकळ्या आणि मधे पेला नाहीच. डॅफोडिलला मधे पेला असतो, तोच तर डॅफोडिल. शेजारच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अय्या, काय मस्त आलीय गं तुझी रेन लिली! आमच्याकडे ढिगाने आहे, सांगायचंस ना, दिली असती." ढिगाने. मी नऊशेला एक घेतलीय काकू. हे अर्थात मनात.

मग तक्रारी. चौकीत गेले, दीड तास बसले, समोरच्या साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, "मॅडम, पार्सल मिळालं ना? त्यात कंद होते ना? उगवले ना? मग फसवणूक कुठंय?" मी म्हटलं अहो, मागवलं एक आणि पाठवलं दुसरं. तर म्हणे बाजारात पण असं होतं, त्याला काय चारशेवीस लावायची का. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, मी सांगितलं, ते त्यांना आवडलं नाही. मागून दुसरे एक जण हसत म्हणाले, फुलांसाठी अठ्ठावीस हजार? जणू मी चोर. त्याचा फोन नंबर बाहेरच्या राज्यातला आहे, तिकडे जा म्हणाले. मी झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) म्हटलं तर म्हणे साहेब आल्यावर या. साहेब तीनदा नव्हते. चौथ्यांदा होते, पण बंदोबस्त होता. बँकेत गेले तर तुम्हीच पिन टाकलाय, तुम्हीच अप्रूव्ह केलंय, आम्ही काय करणार. ज्या अकाउंटला गेले ते कुणाचं आहे तेवढं सांगा, तर म्हणे गोपनीय आहे. चोराची गोपनीयता! शेतीच्या एका सरकारी कार्यालयात बियांचं पाकीट घेऊन गेले, त्यांनी बी तळहातावर घेऊन बघितलं, म्हणाले कांदा आहे, चांगला आहे, फुलांचं आमच्याकडे येत नाही. कांद्याचं तर येतं ना, मी म्हटलं. त्यावर चहा आला, त्यांच्यासाठी. ऑनलाइन तक्रार केली तिथे प्रकार निवडायच्या यादीत माझा प्रकारच नाही, शेवटी 'इतर' टाकलं, आणि या 'इतर'मध्ये जी तक्रार पडते तिचं काय होतं ते तुम्हाला माहिती आहे.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, शक्यतो तासाभरात, तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. मी महिने घालवले, लाजेपायी. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कागद सगळे तयार आहेत, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि बिलावरचा पत्ता म्हणजे एका मंगल कार्यालयाचा निघाला. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या आधी पत्ता तपासा, जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकून नाव जुळतंय का बघा, दोन मिनिटं लागतात, मी दुसऱ्यांसाठी रोज करते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. कंद धुऊ नका, माझा सगळा पुरावा सिंकमधून गेला.

हे आत्ता लिहायचं कारण, सप्टेंबर आलाय आणि तो परत आलाय. नाव नवीन, नंबर नवीन, यावेळी 'काश्मीरचा ग्रोअर', कंद नऊशेचा अकराशे झालाय आणि निळा डॅफोडिल पण ठेवलाय, जो जगात कुठेच नाही. फोटो मात्र तेच वापरलेत. बल्बोकोडियमच्या फोटोत मातीची पसरट कुंडी आहे, तिचा डावीकडचा काठ फुटलेला आहे आणि मागे निळी बादली आहे. ती बादली दिसली की समजा.