घरी जाऊन सोफा धुणं की शेड टाकून गालिचे धुणं: खर्च कुठे जातो?

या धंद्यात उतरू पाहणारा माणूस भेटला की पहिला प्रश्न मशीन कितीला पडलं हाच असतो. मशीन एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. दर महिन्याला खिसा कापणारे खर्च निराळे आहेत. पुण्यात मी आधी घरोघरी जाऊन सोफे धुतले, नंतर शेड टाकून गालिचे धुतले, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडतो.

घरी जाऊन काम करताना वीज आणि पाणी गिऱ्हाइकाचं. कार्चरच्या पुझी १०/१ सारख्या, कापडावर पाणी मारून ते लगेच ओढून घेणाऱ्या मशीनला १० लिटरची टाकी आणि साडेबाराशे वॅटची मोटर असते. दीड तास चालवलं तरी दोन युनिटच्या आसपासच वीज लागते. सोफ्यामागे केमिकलही फार लागत नाही. पैसा जातो तो रस्त्यात. सकाळी हिंजवडी आणि दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला हडपसर असं बुकिंग घेतलं की दिवस संपला. दोन पोरांचा पगार आणि पेट्रोल गेलं, काम मात्र दोनच सोफ्यांचं. एकाच सोसायटीत चार सोफे मिळत असतील तर मी दर खुशाल कमी करतो, तरी जास्त उरतात.

दुसरी गळती म्हणजे फुकटची फेरी. सोफा वाळताना आतला मळ पाण्याबरोबर वर येतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘डाग परत आलाय.’ पाणी जास्त मारलं आणि नीट ओढून घेतलं नाही की हे होतं. नोझलच्या पारदर्शक तोंडातून आधी काळं, मग चहासारखं, शेवटी नितळ पाणी जाताना दिसतं. नितळ दिसल्यावरही पाणी बंद ठेवून नुसती ओढ दोन वेळा द्यायची. तेवढी दहा मिनिटं पुढची फेरी वाचवतात.

शेडचं गणित उलटं आहे. भाडं, व्यापारी दराचा मीटर, टँकर, ने-आणीचा टेम्पो, हे सगळं काम असो-नसो चालूच. त्यात सुकवण्याचा खर्च सगळ्यात फसवा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात ठेवून हाताला कोरडी लागते. जुलैमध्ये असा ‘कोरडा’ गालिचा गुंडाळून ठेवला की कुबट वास धरतो. मग रात्रभर पंखे आणि हवेतला ओलावा खेचणारा डीह्युमिडिफायर, आणि बिल आपलं. घरी जाऊन करायच्या कामात पावसाळ्यात बुकिंग घटलं तर निदान भाडं तरी अंगावर नसतं.

पण उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा हाताने विणलेला लोकरी गालिचा घरातल्या फरशीवर नीट निघतच नाही. उलटा करून झोडपल्यावर त्यातून निघणारी बारीक रेती पाहिली की हे पटतं. असं काम शेडमध्येच होतं आणि त्याला दरही चांगला मिळतो.

नुकसानभरपाई खर्चात धरायला मात्र विसरू नका. रेशमासारखा चमकणारा एक गालिचा मी नेहमीसारखा धुतला. तो व्हिस्कोसचा, म्हणजे नकली रेशमाचा निघाला. पाण्याने लव कडक झाली आणि पिवळी पडली. पैसे भरून दिले. तेव्हापासून उचलण्याआधी मागचं लेबल वाचतो, आतल्या कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून रंग उतरतोय का तेही बघतो.

कराचंही पाहा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के चढतात. ऑफिसला त्याचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येतो, पण घरगुती गिऱ्हाइकाला ती सरळ दरवाढ वाटते. ऑफिसचं काम मोठं, पण पैसे महिना-दोन महिने अडकतात; तेवढे पगार हाताशी ठेवूनच ते घ्या.

माझं मत विचाराल तर सुरुवात घरी जाऊन सोफे धुण्यानेच करा. लोकरी गालिचे आले तर ओळखीच्या शेडवाल्याकडे कमिशनवर द्या. तीन महिने रोज वहीत दोन आकडे लिहा: मशीन किती तास चाललं आणि गाडीत किती तास गेले. शिवाय किती गालिचे दुसऱ्याकडे द्यावे लागले तेही. त्या गालिच्यांच्या मजुरीतून शेडचं भाडं आणि पावसाळ्यातलं वीजबिल सुटत असेल, तरच जागा बघायला निघा.